एक जूनचे जुळे

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. पुण्यात वकिलीचे शिक्षण घेत असताना, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, मी महाविद्यालयाच्या संघाचा पिचर होतो. खोटा विनय मला जमत नाही. माझ्या तोडीचा दुसरा पिचर त्या वेळी आमच्या विद्यापीठात नव्हता. माझा हात आमच्या माले गावच्या भातखाचरांत पाखरांवर दगड भिरकावताना घडला होता. गावी मात्र चेष्टाच होई. “क्रिकेटात फेकलं की नो-बॉल देत्यात, अन् ह्येला कप देत्यात!”

तिसऱ्या वर्षी माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आंतरविद्यापीठ स्पर्धेतून पुढे राष्ट्रीय शिबिराची वाट होती. मी बूटही नवे घेतले. त्याच आठवड्यात क्रीडा विभागाचे पत्र आले: वय पंचवीस वर्षे पूर्ण, सबब अपात्र.

मी तेवीस वर्षांचा होतो. माझा थोरला भाऊ शाळेत एकटा बसेना, म्हणून वडिलांनी मलाही त्याच्यासोबत नेले होते. गुरुजी सगळ्याच मुलांना एक जून ही जन्मतारीख लावीत. आम्हां दोघांना त्यांनी सालही एकच लावले. “धाकट्याची दोन वर्षं वाढवतो हं,” ते म्हणाले. “वाढवा की गुरुजी, वय काय कुटं पळून जातंय?” असे म्हणत वडिलांनी अंगठा उठवला.

मी सविस्तर अर्ज केला, त्यावर स्मरणपत्रे धाडली. अखेर सुनावणी लागली आणि भातकापणी टाकून वडील एस.टी.ने पुण्याला आले. अधिकाऱ्यांनी दोन्ही भावांचे दाखले शेजारी ठेवले.

“जुळे दिसतात.”

“जुळी कुटली, सायेब? मधी दोन वर्सं हायेत की!”

“मग शाळेला खोटी माहिती दिलीत तुम्ही? हा अंगठा तुमचाच ना? तसा जबाब लिहून द्या. पुढे काय करायचे ते वरचे बघतील.”

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. कधी नव्हे ते त्यांनी माझ्याकडे विचारण्याच्या नजरेने पाहिले. त्या जबाबातून त्यांच्यावर फारसे काही शाबीत झाले नसते, हे वकिलीचा विद्यार्थी म्हणून मला ठाऊक होते. त्यांना ते ठाऊक नव्हते.

“जुळेच आहोत आम्ही,” मी म्हणालो आणि अर्ज मागे घेतला.

परतीच्या एस.टी.त पौड आल्यावर वडील माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “लई मोठा खेळ हुता का रं?”

“नाही आबा. गावात कोणाला ठाऊकसुद्धा नाही.”

त्यानंतर वकील म्हणून लोकांच्या कामांसाठी मी असंख्य कार्यालयांना पत्रे लिहिली, पोचपावत्या जपल्या, अनेकांची झोप उडवली. आता थकलो आहे. शाळेच्या पटावर तरी आम्ही भाऊ अजून जुळेच आहोत. ती एक नोंद दुरुस्त करण्यासाठी मी पुन्हा कोणालाही पत्र लिहिले नाही.