विकलेली खुर्ची

चाचांना एखादी वस्तू फार आवडली, की ते तिच्यावर 'विकले' अशी पाटी अडकवत. नारायण पेठेतल्या त्यांच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात अशा पाट्या इतक्या, की गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो, मग विकायला आहे तरी काय?" कुणी विचारलं, तर चाचा चष्मा पुसत म्हणत, "आपण जरा उशिरा आलात."

मी उदगीरकडची, सातवीत शाळा सुटलेली. लग्न मोडल्यावर पुण्यात आले आणि चाचांकडे खुर्च्यांना वेत विणायला लागले. हात त्यांनीच बसवून दिला. वेत तुटला की म्हणत, "भिजू दे त्याला. घाई तुला आहे, त्याला नाही."

काम सुटेल ही धास्ती मला कायमची. रोज संध्याकाळी दारात घुटमळून मी विचारायची, "चाचा, उद्या येऊ ना?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "का? दुकान काय रात्रीतून स्वारगेटची गाडी पकडून जाणार आहे?"

मी बसायची ती शिसवी खुर्ची, हातांवर द्राक्षाचे वेल कोरलेली. एकदा एक बाई तिच्यासाठी अडूनच बसल्या. मी घाबरून उठून उभी राहिले. चाचांनी शांतपणे पाटी आणून खुर्चीच्या पाठीला अडकवली.

"कुणी घेतली?" बाईंनी विचारलं.

"या काय, आत्ता तिच्यावरून उठल्या, त्यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बस." या शहरात मला बस म्हणणारं ते पहिलं माणूस.

पुढे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. धंदा बंद करायचं ठरलं, सगळा माल मुंबईच्या एका व्यापाऱ्याला दिला. दुकानावरच्याच खोलीत ते पडून होते. त्या दिवशी निघताना मी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, धीरच झाला नाही. जड जिभेनं शब्द जुळवत त्यांनीच विचारलं, "उद्या येशील ना?"

"मी काय स्वारगेटची गाडी पकडून चाललेय?" मी म्हटलं. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसली.

सकाळी मी गेले, तर जिन्याखाली चपलांचा ढीग होता.

काही दिवसांनी ट्रक आला. चाचांच्या मुलानं सगळ्या पाट्या आधीच उतरवल्या होत्या. हमाल माझ्या खुर्चीपाशी आले आणि थांबले. तिच्यावर पाटी तशीच होती.

"ती राहू द्या," मुलगा म्हणाला. "विकलेली आहे. अब्बांनी बजावून ठेवलंय."

खुर्ची आता माझ्या खोलीत आहे. पाठीचा वेत सैल पडलाय, नव्यानं विणायला हवा. पण त्यासाठी आधी पाटी उतरवावी लागेल.