कच्चा बचनाग

ती विषतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि तिचे वडील झाडपाल्याची औषधं द्यायचे. त्यामुळे बचनागाच्या एकाच विषारी मुळीवरून बापलेकीची जुंपायची.

"धोतरा, कुचला, बचनाग, सगळ्यांच्या विषांत नायट्रोजन असतो, सगळी विषं अल्कलीसारखी वागतात, म्हणून अल्कलॉइडं," ती सांगायची. "पण आतला सांगाडा ज्याचा त्याचा. धोतऱ्याचा ट्रोपेन, कुचल्याचा इंडोल, बचनागाचा डायटर्पीन."

"म्हणजे तू त्यांची खानदानं शोधतेस," वडील हसायचे. "मी नुसता स्वभाव बघतो."

स्वभाव त्यांना खरंच ठाऊक होता. सांधेदुखीच्या गोळ्या करण्याआधी ते बचनाग तासन् तास पाण्यात उकळायचे. त्यामागचं रसायन लेकीने त्यांना समजावलं होतं: बचनागातलं जहाल अॅकोनिटिन उकळताना फुटतं आणि उरतं ते पुष्कळच मवाळ असतं. तरी ती मागे लागायची, "बाबा, पुरे आता हे. हल्ली विसरता तुम्ही." वडील कानाडोळा करायचे.

धाकटा भाऊ वडिलांजवळच राहायचा. छापखान्यात दिवसभर उभं राहून त्याचे गुडघे धरले होते. एका सकाळी वडिलांनी त्याला नव्या गोळ्यांतली एक दिली. थोड्या वेळाने तिचा फोन वाजला.

"ताई, माझ्या जिभेला मुंग्या येतायत. ओठ बधिर झालेत. बाबा नुसते गोळ्यांच्या बरणीकडे बघतायत गं."

"बोलत बसू नकोस. शेजाऱ्यांना हाक मार, दवाखाना गाठ!"

ती पोचली तेव्हा त्याच्या हृदयाचा ठोका सैरभैर झाला होता. या विषाला उतारा नाही, हे तिथे तिच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. डॉक्टरांनी जंग जंग पछाडलं. दुपारी तो गेला.

घरचं प्रकरण म्हणून तपासणीला तिला हात लावू दिला नाही. सहकाऱ्याने केली. मग तो तिच्या टेबलाशी येऊन खाली बघत म्हणाला, "अॅकोनिटिन. फुटलेलं जवळजवळ नाहीच."

वडील स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते.

"काय निघालं?"

हृदयविकार म्हणून सांगावं, असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण जिभेच्या मुंग्यांचं तिच्याआधी त्यांनी ऐकलं होतं, आणि बचनागाची ही खूण त्यांना ठाऊक होती.

"बचनाग."

"उकळलेला?"

"कच्चा, बाबा."

त्यांनी शेगडीकडे बोट केलं. "मध्येच गॅस संपला होता. सिलिंडर बदलला. पातेलं परत चढवलं, की तसंच सुकत घातलं... आठवत नाही गं. कितीही डोकं ताणलं तरी आठवत नाही."

पोलिसांनी अपघात ठरवला. वडील आपण होऊन चौकीत गेले, "मला आत टाका," म्हणाले. तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि रिक्षात बसवून परत पाठवलं. त्या दिवशी ते रडले. कुणी शिक्षाच देईना.

वडिलांच्या औषधांच्या बरण्या तिने प्रयोगशाळेत नेऊन नष्ट केल्या आणि वडिलांना आपल्याकडे आणलं. राग गिळता गिळता ती थकून जायची. काढावा तर कुणावर? समोर उरलेला माणूस तेवढा एकच होता, आणि तो आधीच खचला होता.

तिच्या घरी ते कुणाच्याही तोंडी जाणाऱ्या वस्तूला हात लावत नसत. मीठसुद्धा पुढे सरकवत नसत. एकदा जेवताना तिला जोराचा ठसका लागला. पाण्याचा जग त्यांच्या कोपराशी होता. त्यांनी हात पुढे केला, बोटं दांड्यापर्यंत गेली. मग हात मागे घेऊन त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. डोळे मात्र तिच्यावरच होते. ती खोकत उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि स्वतःच पाणी ओतून घेतलं.