साळूबाईची सोन्याची दाढ

खिंडीच्या अलीकडं आंब्याखाली साळूबाई पुन्हा बसली. विंझरहून भोरची वाट अजून निम्मी सरायची होती. पदराचा बोळा गालाला दाबून तिनं डोळे मिटून घेतले. शाळामास्तरांची बायको सगुणा शेजारी उभी राहिली. उठा म्हणायचा तिला धीर होईना.

“मास्तरीण, जा तू माघारी,” साळूबाई म्हणाली. “घरदार टाकून माझ्या दाढंमागं कुठं लागलीस!”

“मी गेले की तुम्ही न्हाव्याकडून उपटून घ्याल. ओळखत नाही का मी तुम्हाला?”

“मग काय करू? दिसरात ठणकतीया. कटाळले बाई.”

लवंग झाली, बिब्बा झाला. दातातले किडे पडावेत म्हणून रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर तोंडात घेतला. किडा एकही पडला नाही, ओठ तेवढा पोळला. पण दाढ उपटायची म्हटलं की साळूबाई मागं सरे. डाव्या अंगाच्या दाढा कधीच गेल्या होत्या. उजवीकडं वरखाली एकेक उरली होती, आणि त्यातली खालचीच किडली होती. ती गेली की भाकरी सुटली. मग सून फुलाबाई ताकात कुस्करून देईल तेव्हा खायचं, तिचे हात कामात असले तर बघत बसायचं. नवरा तरणाताठा तापानं गेला. तेव्हापासून लोकांच्या खाचरात वाकून भात लावला, लेक रखमाजी वाढवला, पण घासासाठी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. ते आता बघायचं, याचा तिनं धसका घेतला होता.

भोरच्या पेठेत लतीफभाई दातवाल्यांचं दुकान होतं. पुण्याला लष्करातल्या एका दातांच्या डॉक्टरापाशी काम शिकून ते गावी परतले होते. लहानसा आरसा तोंडात घालून त्यांनी बराच वेळ बघितलं.

“आक्का, मशेरी कवापासनं लावताय?”

“दात आल्यापासनं.”

“मंजी समदं पडंपत्तूर लावणार!” लतीफभाई हसले. मग म्हणाले, “उपटायची तर आत्ता उपटतो. चांदीचा मसाला भरला असता, पर दाढंची भिताडं ढासळल्यात. चार घासांत निघून यील. कवळी पुण्याला करत्यात, तिला फेऱ्या माराव्या लागत्याल. मुळं मातर घट हाईत. कीड कोरून काढू, औषध भरू आन् वर सोन्याची टोपी बसवू. ती टिकंल. सोनं मातर तुमचं लागंल.”

“रांडमुंड बाईला सोनं?”

“दाढंवरचा दागिना कुणाला दिसतोय, आक्का? हसताना तोंड जरा कमी उघडा.”

“हसू येतंय कुठं, बाबा.”

तिचा हात कनवटीला गेला होता. तिथं खोचलेल्या चिंधीची गाठ सगुणाला ठाऊक होती. साळूबाईच्या डोरल्यातल्या दोन सोन्याच्या वाट्यांपैकी एक फुलाबाईच्या डोरल्यात ओवली गेली. दुसरी तिनं त्या चिंधीत शेवटासाठी राखली होती. जीव जाताना तोंडात तुळशीचं पान आणि सोनं पडावं, त्याशिवाय आपल्याला वाट मिळायची नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. सगुणाही बसली.

“मास्तरीण, तू पोथी वाचतीस. खरं सांग. त्येच्यावर रोज भाकर चावली, मंजी सोनं उष्टं झालं. उष्टं सोनं शेवटाला चालतं का?”

“असं काही मी वाचलेलं नाही, मावशी.”

“चालत न्हाई असं बी वाचल्यालं न्हाई न्हवं?”

“नाही.” सगुणा म्हणाली. “देवाचं नाव घेतो, तेही आपण उष्ट्या तोंडानंच घेतो ना?”

साळूबाईनं कनवटीची चिंधी काढली. गाठ दातांनी सोडवायला गेली, कळ आली, तेव्हा चिंधी सगुणापुढं धरली. “तूच सोड गाठ.”

लतीफभाई पायानं कोरायचं यंत्र फिरवत होते तोवर तिनं सगुणाचा हात धरून ठेवला. रात्री दोघी सगुणाच्या मावशीकडं राहिल्या. वाटी ठोकून, दाढेच्या मापानं वळवून सकाळी टोपी बसली. “आजचा दिस तिकडनं चावू नका,” लतीफभाईंनी बजावलं. “आन् मशेरी...”

“बगू,” साळूबाई म्हणाली.

परतताना ती त्याच आंब्याखाली बसली. राजगडावर ढग टेकले होते. सगुणाच्या मावशीनं बांधून दिलेली भाकरी तिनं मांडीवर सोडली, वास घेतला, पुन्हा बांधली. “उंद्या,” म्हणाली. जीभ सारखी आत दाढेवर फिरत होती.

“ठणकतंय का?”

“न्हाई. गार लागतंय.” मग म्हणाली, “मास्तरीण, फुलाला काई सांगू नगंस. पोर वाईट न्हाई, पर वाटी कुठंय म्हनून रोज इचारंल. मी गेले की ती कनवट चापसंल. रिकामी घावली की म्हातारीनं सोनं कुठं घातलं म्हनून बोंब मारंल. तवा तू ये. तिला म्हन, सोनं जागच्या जागी हाय. आन् तुळशीचं पान तेवढं, मास्तरीण, तुझ्या हातानं ठेव.”

“ठेवीन, मावशी.”

“आन् कुनी ते सोनं काडाया माझ्या तोंडात हात घातला,” गुडघ्यावर हात टेकून उठता उठता साळूबाई म्हणाली, “तर त्येचा हात धर.”