नाडीची वही

घाम गाळला की ताप पळतो, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला समोर उभं करून जाब विचारायची माझी फार इच्छा आहे. त्याला स्वतःला ताप आला तेव्हा तो दुलई ओढून झोपलाच असणार.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. यवतमाळहून पुण्यात कॉलेजला आले होते आणि खो-खो खेळत होते. कर्वेनगरच्या आमच्या रस्त्यावर दर दोन घरांआड कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती आणि मैदानावरच्या मुली एकेक करून तिकडे वळत होत्या. मला मात्र राज्याच्या संघात जायचं होतं. संघात निवड झाली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, आणि नोकरी लागली की गावी जाऊन बोहल्यावर चढायला नको.

निवड चाचणीच्या तीन आठवडे आधी मला फ्लू झाला. पाच दिवस सणसणून ताप, मग कोरडा खोकला. ताप उतरल्यावर शनिवार पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारलं, "आता खेळू ना?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पाहुणे गेले म्हणजे घर आपोआप आवरलं जातं का?"

मग त्यांनी नियम घालून दिला. रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर ठोके मोजायचे आणि वहीत लिहायचे. आजारापूर्वी माझे अठ्ठावन्न असायचे. ते पुन्हा साठाच्या आसपास येऊन आठवडाभर टिकत नाहीत तोवर धावायचं नाही, आणि टिकले तरी आधी त्यांना दाखवायचं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी यायचं.

पहिल्या दिवशी ब्याऐंशी भरले, दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. मी वही घेऊन आमच्या प्रशिक्षक सरांकडे गेले. त्यांनी ती सगळ्या मुलींसमोर मोठ्याने वाचून दाखवली. "ऐका गं, आपल्याकडे हृदयरोगी आल्यात!" मुली हसल्या. मग मला म्हणाले, "जागा बारा आणि मुली तीस आहेत. तुला घाम गाळायचा नसेल तर खुशाल घरी बसून ठोके मोज. नाडी खाली आली की ये." अहो, शिट्टी फुंकणाऱ्या माणसाला एवढा तोरा? ज्याचं त्या मैदानावर काहीच पणाला लागलेलं नसतं, त्यालाच दुसऱ्याच्या दमाची थट्टा सुचते.

तिसऱ्या दिवशी वहीत साठ होते. त्यानंतर रोज साठ, एकसष्ट. सर म्हणाले, "बघ, मनावर घेतलं की होतं." डॉक्टरांकडे मी पुन्हा फिरकले नाही.

चाचणीत तिसऱ्या मिनिटाला खांबाला वळसा घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला हॉस्पिटलातलंच आठवतं. हृदयाच्या स्नायूला सूज होती. सहा महिने खेळ बंद, जिनासुद्धा थांबत थांबत चढायचा. सर मोसंबी घेऊन भेटायला आले आणि माझ्या आईला म्हणाले, "पोरीने आधी सांगायला हवं होतं हो." मोसंबी! मी आजही ती घरात आणू देत नाही.

संघ गेला, नोकरी गेली. शेवटी मीही कॉम्प्युटर क्लासला गेले आणि त्याच्या जोरावर हिंजवडीला एका आयटी कंपनीत लागले. तिथे कॅन्टीनमध्ये मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! 'सरांनी मला खोटी नाडी लिहायला लावली.' लोक हळहळायचे, सरांना शिव्या द्यायचे, आणि मला बरं वाटायचं.

माझी मुलगी आठशे मीटर धावते. कोरोनाची लाट आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिलाही ताप येऊन गेला. मी त्याच दिवशी नवी वही आणली आणि नियम समजावला. वहीत रोज बासष्ट, साठ, एकसष्ट. दहाव्या दिवशी ती झोपेत असताना मी हळूच तिचं मनगट धरलं. अठ्ठ्याऐंशी. उशाशी वही होती. त्यात त्या दिवसाचे आणि पुढच्या दोन दिवसांचेही आकडे आधीच लिहून ठेवलेले होते.

माझं डोकं फिरलं. तिला हलवून उठवलं. "कोणी लिहायला लावलं हे? तुझ्या सरांनी ना? थांब, आत्ता फोन लावते."

"आई, प्लीज! सर तर रेस्ट घे म्हणाले होते. मीच लिहिलं. मला ट्रायल मिस करायची नव्हती."

मी फोन खाली ठेवला. सरांनी माझी थट्टा केली होती, त्याची माफी त्यांना आजही नाही. पण साठ लिही, असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते अक्षर माझं होतं, आणि लिहिताना खोलीत दुसरं कोणीही नव्हतं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडत आले, तीही कॅन्टीनभर लोकांसमोर!

"मलाही कोणी लिहायला लावलं नव्हतं," मी म्हणाले. "मीच लिहिलं होतं."

मग तिने हात पुढे केला. आम्ही घड्याळ लावून पुन्हा मोजले. नव्वद भरले. साठावर काट मारून तिने स्वतःच्या हाताने नव्वद लिहिलं.