गोऱ्या साहेबाची माय वऱ्हाडी

वऱ्हाडात इंग्रजांचं राज्य अजून कुठे शिल्लक असेल, तर ते माझ्या थोरल्या मावसभावाच्या अंगात. हा वलगावचा शेतकरी; पण घारे डोळे आणि गाजरासारखा रंग यांपायी अमरावती-अकोल्याच्या नाटकांत उभा जन्म गोरा साहेबच झाला. सिनेमावाले चिखलदऱ्याला आले, की एका सीनपुरता कॉफीमळ्याचा मालकही तोच. त्यामुळे दादा खरा कधी असतो, याचा आम्हाला कायम संशय. मयतीला गेला तरी नसलेली हॅट छातीशी धरतो. अकोल्यात प्रयोगाआधी तो पोट धरून विव्हळायला लागला, तेव्हा मीच म्हणालो, "जरा कमी कर दादा, मांगच्या रांगेपर्यंत पोचून राह्यलं." संध्याकाळी अपेंडिक्स काढलं. तरी आमचे एक काका टाके स्वतः पाहून मगच घरी गेले.

दादालाही जगाचा तितकाच संशय. "लोकायले मी नाही, माहे डोये पायजेत," तो म्हणायचा.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका दिग्दर्शकाला वऱ्हाडी शेतकरी हवा होता. लांबलचक संवादांचा पार्ट. दादाने साहेबाचा कोट ट्रंकेत कोंबला, दाढी वाढवली आणि रंग काळवंडावा म्हणून भर उन्हात तुरीत उघडा बसू लागला. फक्त आणखी लाल झाला.

निवडीला अमरावतीत मी सोबत होतो. दादाचं बोलणं ऐकून दिग्दर्शकाने डोळे बारीक केले. "भाषा छान बसवलीत हो. कुणाकडे शिकलात?"

"मायजवळ जी."

"पण या चेहऱ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही."

पार्ट पुण्याच्या एका सावळ्या नटाला मिळाला, आणि त्याला वऱ्हाडी शिकवायचं काम दादाला.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघंच अमरावतीला पाहायला गेलो. पडद्यावर शेतकरी बोलत होता आणि शेजारच्या खुर्चीत दादाचे ओठ शब्दागणिक हलत होते. टाळ्या पडल्या. दादा मान खाली घालून ऐकत राहिला. हाही अभिनयच का, म्हणून मी निरखून पाहिलं. काही कळेना.

स्टँडवर वलगावच्या गाडीची वाट पाहताना तो म्हणाला, "सारं शिकला पोरगा. बैलाले हाक माराची तेवढी नाही जमली त्याले. तशा हाकेनं बैल कायले उठते?"

मग, कुणी पाहत नाही असं बघून, त्याने ती हाक हळूच मारली.

मी बाकावरून उठून उभा राहिलो.