फोर-व्हील-ड्राइव्ह आणि आम्ही चौघं

जुन्या गाडीचे किस्से जमवावे लागत नाहीत. गाडी नुसती घरासमोर उभी ठेवा, धुळीसारखे ते आपोआप साठत जातात. आमच्या लखनौच्या मराठी मंडळींत दर महिन्याला कोणाकडे तरी जेवण असतं. पानं मांडून होईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "हां, त्या गाडीचं सांगा ना यार." मी सांगतो, सगळे पोट धरून हसतात. माझी बायको मीनल मात्र नेमकी तेव्हाच काहीतरी आणायला आत जाते.

*

मी रेल्वेत, रुळांचा इंजिनिअर. बावीस वर्षांत बदल्या एवढ्या झाल्या, की मी एका गावी आणि मीनल मुलांना घेऊन दुसऱ्या, असाच संसार चालला. लखनौला पहिल्यांदा चौघं एका घरात आलो, तेही ओंकारचं कॉलेज संपत आलेलं आणि सई अकरावीत, तेव्हा. मला एकच हवं होतं. चौघांनी एकदा एका गाडीत बसून डोंगरात कुठेतरी जावं.

घरच्यांनी एसी, रिव्हर्स कॅमेरा अशी यादी हातात दिली. मी सरोजिनी नगरला एका निवृत्त फौजी माणसाची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप बघायला गेलो. सोबत हातोडी नेली!

आमच्याकडे ती सवयच असते. लोखंडाला तडा आहे का, बोल्ट सैल आहे का, हे ठोकून आवाजावरून ओळखायचं. मी शर्टाची पर्वा न करता गाडीखाली उताणा झोपलो आणि चॅसी, स्प्रिंगा, अॅक्सल, सगळं ठोकून काढलं. एकदम खणखणीत! तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

गाडी घरी आली. मीनलनं मागचं दार उघडलं. आत समोरासमोर दोन लांब बाकं होती आणि एसीचा पत्ता नव्हता. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही आत बसून बघितलंच नाहीत?"

नव्हतं बघितलं. रूळ तपासताना आत बसायचा प्रश्नच येत नाही.

*

पहिल्याच महिन्यात गोमती नगरला हळदीकुंकू होतं. मीनल पैठणी नेसून त्या उंच पायरीवर कशीबशी चढली. वाटेत खिडकीतून सगळी धूळ आत. सोसायटीच्या गेटवर गार्डनं गाडीला एक चक्कर मारली, मागच्या बाकांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "भैया, केटरिंग वाले पीछे के गेट से."

त्या दिवसापासून मीनल ई-रिक्षानं जाते. मी सोडतो म्हटलं की म्हणते, "राहू द्या, तुम्ही कशाला दमता?" ती हे अगदी प्रेमानं म्हणते आणि म्हणूनच ते फार लागतं.

*

सईचा क्लास तेलीबागला. मी एकदा तिला थेट दारात सोडलं. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण म्हणाली, तुझे पापा चुनाव लढताहेत का? त्यानंतर सई मला वळणावरच थांबवायला लागली. ती मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "पापा, बुरा मत मानिए, बस मोड़ पे उतार दीजिए."

मी बुरा मानलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ती वळणावरही नको म्हणाली, मैत्रिणीच्या स्कूटरवरून जायला लागली. त्या वळणापर्यंतच्या दहा मिनिटांत ती माझ्याशी बोलायची, तेवढंही गेलं.

*

आमचे मेकॅनिक रिझवानभाई. वय सत्तरीच्या आसपास, हात काळे आणि जीभ अस्सल लखनवी. गाडी कधी बंद पडली की बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "जनाब, गाड़ी बुज़ुर्ग है. इससे काम मत लीजिए, दुआ लीजिए."

एकदा नैनितालचं ठरलं. चौघं, तीन दिवस. मी उत्साहात गाडी त्यांच्याकडे नेली आणि फोर-व्हील नीट तपासायला सांगितलं. दीड वर्ष मी पावसात, चिखलात फोर-व्हीलचा दांडा ओढत होतो. दर वेळी गाडीची पकड बदललेली मला स्पष्ट जाणवायची. घरच्यांनाही म्हणायचो, "बघा, आता चारही चाकं ओढताहेत!"

रिझवानभाई गाडीखाली गेले. मग बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्टच गाडीला नव्हता. कोणीतरी कधीच काढून घेतलेला! जे होतं ते सगळं मी ठोकून बघितलं होतं. जे नव्हतं, त्याचा आवाज कुठून येणार?

माझा चेहरा बघून रिझवानभाईंनी चहा मागवला. म्हणाले, "पर जनाब, आपको लुत्फ़ तो आया न?"

नैनिताल तसंही रद्दच झालं. ओंकारच्या कॅनडाच्या व्हिसाची तारीख त्याच आठवड्यात आली.

*

यंदा सगळं एकदमच आलं. ओंकारला कॅनडाचा व्हिसा मिळाला, सईला पुण्यात प्रवेश. मीनल सईबरोबर जाणार. माझी बदली आसामला. गाडी विकायची ठरली.

मलिहाबादकडचे एक बागाईतदार बघायला आले. पांढरी दाढी, फार अदबीनं बोलणारे. शाफ्ट नाही हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, आंब्याच्या पेट्या वाहायच्या आहेत, भरलेली गाडी चढ चढते का तेवढं बघू. लखनौत चढ म्हणजे फ्लायओव्हर. वजन काय घालायचं, म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागलो.

"घर में कितने लोग हैं?" त्यांनी विचारलं.

"चार."

"तो ज़हमत न हो तो बुला लीजिए."

मीनल हात पुसत आली. ओंकार आणि सई मोबाइल घेऊन आले. एका बाकावर मुलं, समोर आम्ही दोघं, गुडघ्याला गुडघे लागलेले. गाडी ते गृहस्थ चालवत होते. फ्लायओव्हरवर वारा आत घुसला तशी सईनं ओंकारचा दंड धरला. ओंकार काहीतरी पुटपुटला आणि मीनल हसली. गाडी कुरकुरत वर चढली आणि उतरून परत घरासमोर आली.

"माशाअल्लाह, वज़न उठा लेती है," ते चावी काढत म्हणाले. "हमारी तरफ़ से पक्का समझिए."

मी म्हणालो, "नहीं नहीं, ऐसी भी क्या जल्दी है. आप तसल्ली कर लीजिए. एक चक्कर और लगा लेते हैं."

मागे कोणीच उतरायला उठलं नाही.