क्रेमरच्या कपाटाची किल्ली

आळेफाट्याला कल्याणकडे जाणारी एसटी लागली, तेव्हा वडिलांनी माझी बॅग टपावर चढवू दिली नाही. "मांडीवर घे. टपावरचं सामान कोन उतरवतंय, काय कळत न्हाई," म्हणाले. साल १९९४. अवसरी बुद्रुकहून ते मला तिथवर सोडायला आले होते. पुढे मुंबई, आणि मुंबईहून जर्मनी. तिथं एका पंजाबी मालकाच्या हॉटेलात स्वयंपाकघरातली नोकरी ठरली होती. गाडी हलली तसे ते खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. "सोयरीक करताना आपन गोठ्यापत्तुर घर बघतो. तिकडंबी घर बघितल्याशिवाय मानूस जोडू नको."

डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. आमच्या घरात निरोपाच्या वेळीही सूचनाच मिळतात.

पण त्यांचं बोलणं पोकळ नव्हतं. माझ्या बहिणीसाठी एक स्थळ बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मुलाकडे नीट पाहिलंही नाही. सरळ गोठ्यात गेले, बैलाच्या नाकातली वेसणीची चिघळलेली जखम पाहिली आणि चहा न घेता उठले. जनावराला असं बांधणारे लोक सुनेला कसं ठेवतील, हे त्यांना तेवढ्यात कळलं. मीही तसाच वाढलो. मंचरच्या बाजारात भाजीचा व्यापार करत होतो, तेव्हा वरचा थर बघून कधी माल उचलला नाही. क्रेट उलटा करायचा. आणि भाव सांगताना दुप्पट सांगायचा, म्हणजे ठरताना निम्मा तरी पदरात पडतो. याला आमच्याकडे कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. समोरच्यालाही ते ठाऊक असतं.

जर्मनीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं भांडी आणि कांदा सांभाळून मी बायको मंगल आणि मुलगी रेश्मा यांना बोलावून घेतलं. पुढे एका लहान गावाच्या आठवडी बाजारात स्वतःचं भाजीचं दुकान लावलं. गिऱ्हाईक पाटीवरचा भाव वाचायचं आणि मुकाट पैसे काढायचं. घासाघीस नाही, चौकशी नाही. इतका विश्वास बघून मला उलट धास्तीच वाटायची. टोमॅटो परवाचे असले, तरी मी "आज सकाळचे" म्हणून सांगायचो. बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर रेश्मा दुकानाकडे यायची आणि ते ऐकायची.

शेजारी क्रेमर राहत. त्यांची मुलगी लेना रेश्माच्या वर्गात. इतर दिवशी मी आणि मंगल कामावर असायचो, म्हणून रेश्मा दुपारभर त्यांच्या घरी असे. क्रेमर गावातल्या नेमबाजी क्लबचे सभासद होते. तिथं गावोगावी असे क्लब असतात. वर्षातून एकदा जत्रा भरते, उंच खांबावर लाकडी पक्षी लावतात आणि जो त्याला गोळीनं पाडेल तो वर्षभराचा राजा. आमच्याकडे शर्यतीच्या घाटात बैलगाडा पहिला आला की मालक जसा छाती काढून फिरतो, तसेच क्रेमर राजा झाले त्या वर्षी फिरत होते. मीही टाळ्या वाजवल्या. घर मात्र अजून बघितलं नव्हतं.

मग एर्फुर्ट झालं. २००२ चा एप्रिल. त्या शहरात शाळेतून काढून टाकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा बंदुका घेऊन शाळेत परत आला, सोळा जणांना मारलं, त्यांत बहुतेक शिक्षक, आणि शेवटी स्वतः मेला. तो क्लबचा सभासद होता आणि बंदुका परवान्यावर घेतलेल्या होत्या. त्याआधी १९९९ मध्ये दक्षिणेकडच्या एका गावात सोळा वर्षांच्या मुलानं बापाचं बंदुकांचं कपाट फोडून घरातूनच रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. टीव्हीवर सगळे विचारत होते, असं झालंच कसं? जर्मनीत बंदूक मिळवायला परीक्षा आहे, हजेरी आहे, शिक्के आहेत, म्हणून लोक निर्धास्त. मला एवढंच दिसत होतं, की दोन्ही वेळा कागद बरोबर होते आणि माल आतून सडला होता.

रेश्मा तेव्हा चौदा वर्षांची. रविवारी मी मंगलनं केलेल्या चकल्या घेऊन क्रेमरकडे गेलो.

"कपाट दाखवा," म्हणालो.

"कशासाठी?"

"माझी मुलगी तुमच्या घरी असते."

ते हसले. तळघरात नेलं. भिंतीला पक्कं केलेलं पोलादी कपाट, बंद. त्यांनी मूठ ओढून दाखवली. किल्ली कुठं, विचारलं तर म्हणाले, सुरक्षित जागी. वर आलो. कॉफी आली, पण चमचा नव्हता. मी उठलो आणि स्वयंपाकघरातला खण स्वतःच उघडला. पाहुण्यानं असं करू नये हे मला कळत होतं. पण मी पाहुणा म्हणून गेलोच नव्हतो. चमच्यांमध्ये लाल फितीला बांधलेली एक लांब किल्ली होती, दोन्ही बाजूंनी दाते असलेली. तळघरातल्या कुलपाचं भोक मी नीट बघून आलो होतो, ते हिचंच.

"चमच्यांत ठेवता किल्ली? पोरींच्या हाताशी?" माझा आवाज चढला.

क्रेमरबाईंनी खण बंद केला. क्रेमर शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे सगळं नियमात असतं. तुमच्याकडे कसं असतं, मला माहीत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याच दिवशी मी जिल्हा कचेरीत जाऊन लेखी तक्रार दिली. किल्ली चमच्यांत होती, हे लिहिलं. आणि कपाट उघडं होतं, हेही लिहिलं. उघडं नव्हतं. पण नुसत्या किल्लीसाठी कोण येणार? बाजारातल्या सवयीनं मी वाढवून सांगितलं.

कचेरीनं आधी पत्र पाठवून तारीख कळवली आणि मग दोन माणसं आली. कपाट बंद, किल्ली क्रेमरांच्या कमरेच्या कडीला. मूठ ओढून दाखवली होती की नाही, असं क्रेमरांनी त्या दोघांदेखत मलाच विचारलं. मला नाही म्हणता येईना. माझं एक वाक्य खोटं निघालं, त्याबरोबर दुसरंही गेलं. लेनानं वर्गातली जागा बदलली. बाजारात ओळखीच्या बायका मान वळवून पलीकडच्या दुकानावर जायला लागल्या. ते सगळं मी सोसलं असतं. पण रेश्मा म्हणाली, "बाबा, तुम्ही परवाच्या टोमॅटोचंही शपथेवर सांगता."

त्या वाक्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. एकोणीस वर्षांची झाल्यावर शिकायला दुसऱ्या शहरात गेली. आईशी बोलून झाल्यावर फोन ठेवून द्यायची.

तक्रार फसल्यावर अवसरीला फोन केला, तर धाकटा भाऊ दत्ता हसला. "दादा, तिथंबी भांडलास व्हय? लई भारी, राव." तेव्हा जुन्नरकडे उसात बिबटे सुटले होते, गावात सगळ्यांच्या तोंडी तेच. मी आईला म्हणालो, अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नकोस. ती म्हणाली, "आमच्या बिबट्याला पिंजरा तरी लावलाय. तुमच्याकडं पिंजरा कुनाला लावायचा, ते कळतंय का?"

२००९ च्या मार्चमध्ये विनेन्डेन गावात सतरा वर्षांचा मुलगा आपल्या जुन्या शाळेत गेला. पंधरा माणसं मारली. पिस्तूल बापाचं, आणि ते कपाटात नव्हतं, निजायच्या खोलीत होतं. त्याच दुपारी मी दुकानावर असताना रेश्माचा फोन आला, माझ्या मोबाईलवर.

"बाबा, क्रेमरांच्या घरी तुम्ही नक्की काय बघितलं होतं?"

सात वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर घोळवून ठेवलं होतं, शिव्यांसकट. ऐन वेळी निघालं ते एवढंच, "किल्ली चमच्यांत होती. कपाट बंद होतं. उघडं मी पदरचं घातलं."



"किल्ली होती, मला माहितेय. लेनानं आणि मी त्याच किल्लीनं कपाट उघडलं होतं. दोनदा. मी पिस्तूल हातात घेतलं होतं, बाबा. जड होतं."

 मी पालकाच्या जुड्यांवरच बसलो.

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"लेना माझी एकच मैत्रीण होती. आणि मी तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही तेही वाढवून सांगितलं असतं."

मी साऱ्या गावाची घरं संशयानं बघत होतो. ज्या घरात रोज जेवत होतो, तिथं काय दडलंय हे मला बघायचं सुचलं नाही. राग आला. तिचा, माझा, किती कुणाचा ते अजून मोजता येत नाही.

त्या उन्हाळ्यात कायदा बदलला. आता कचेरीची माणसं न कळवता घरी येऊन कपाट बघू शकतात. रेश्मा सुट्टीत आली, तेव्हा म्हणाली, "चला, क्रेमरांकडे जाऊ." त्यांनी दार उघडलं. म्हातारे झाले होते. मी म्हणालो, "कपाट बंद होतं. मी खोटं लिहिलं होतं." माझ्या पाठोपाठ रेश्मा म्हणाली, "किल्ली चमच्यांत होती. लेनानं आणि मी कपाट उघडलं होतं."

क्रेमरांनी दार अर्धं ओढलं. मग म्हणाले, "किल्ली नेहमी माझ्याकडेच असते." आणि दार लावून घेतलं, आवाज न करता.

मी दारावर मूठ उगारली. रेश्मानं मनगट धरलं. "राहू द्या. आता मी सांगितलंय ना."

दत्ता अजून विचारतो, दादा, गावाकडं कधी येतोस? वडील गेले, आई थकली, आता त्या जर्मनीत काय ठेवलंय? त्याला काय सांगू? येईन, चार दिवस राहीन आणि परत जाईन. शेजारचा माणूस रोज सकाळी मला बघून मान वळवतो, मी रोज त्याच्या दाराकडे बघतो, आणि माझी मुलगी माझ्या बाजूनं उभी आहे. हे भांडण अर्धं टाकून मला कुठं जाता येत नाही. परक्या गावात माणूस इतकी वर्षं भांडत बसत नाही.